जखम बरी झाली, दुखणे राहिले



माझा विषय मानसशास्त्र, वैद्यक नव्हे. कॉलेजात मी संवेदना, अवधान, स्मृती वगैरे प्रकरणे शिकवतो. दरवर्षी संवेदनेच्या प्रकरणातले वेदनेचे पान आले की एक घरातली गोष्ट सांगावी असे मनात येते आणि दरवर्षी मी ती गिळून टाकतो. आज ती सांगणार आहे.

१९९५ साली माझ्या थोरल्या मावशीला नागीण झाली. उजव्या कुशीपासून पाठीपर्यंत फोडांचा पट्टा उठला. कुणी गेरू लावायला सांगितला, कुणी नागिणीची दोन तोंडे जुळली की माणूस जगत नाही म्हणून तिला घाबरवून सोडले. तसे काही झाले नाही. तीन आठवड्यांत खपल्या गळाल्या, कातडी जवळजवळ पूर्ववत झाली, आणि घरच्यांना हायसे वाटले. दुखणे मात्र राहिले. मावशी लुगड्याचा पदर अंगापासून वीतभर दूर धरून बसे. पंखा लावला की कळवळे. वाऱ्याची झुळूक आली तरी, "अरे, ते दार लोटून घे रे बाळ," म्हणे. आणि गंमत अशी, की त्याच जागेवर स्वतःचा तळहात घट्ट दाबून धरला तर तिला बरे वाटे! आमच्या घरातल्या न्यायाधीशांनी यावरून निकाल दिला. दाबले तर चालते आणि पदर लागला तर ओरडते, ही कसली दुखणी? जखम तर दिसत नाही. सोंग आहे, दुसरे काय! मी तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा होतो. मीही तिला एकदा म्हणालो, "मावशी, आता पुरे झालं." ती काही बोलली नाही.

पुढे कितीतरी वर्षांनी, वर्गासाठी वाचन करताना, १९८८ सालचा एक शोधनिबंध माझ्या हाती आला. 'पेन' म्हणजे 'वेदना' याच नावाच्या नियतकालिकात तो छापलेला होता. लेखक गॅरी बेनेट आणि यी-क्वान शिए. स्थळ अमेरिकेतील बेथेस्डा येथील सरकारी संशोधनसंस्था. विषय पांढऱ्या उंदरांच्या मागच्या पायाचा. आणि वाचता वाचता मला मावशी दिसू लागली. हा निबंध आमच्या घरातल्या निकालाच्या आधी सात वर्षे छापून झालेला होता.

त्या उंदरांकडे वळण्यापूर्वी थोडे मागे जाऊ. वेदनेची जी कल्पना आपल्या सर्वांच्या मनात असते, तिचे चित्र सतराव्या शतकात देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने काढून ठेवले आहे. विस्तवाजवळ पाय नेलेला एक मुलगा. पायापासून मेंदूपर्यंत गेलेला एक दोरा. विस्तवाने दोऱ्याला हिसका बसला की वर घंटा वाजते. चित्र सुबक आहे आणि रोजच्या व्यवहाराला पुरतेही. पण त्यावरून दोन गोष्टी ओघानेच निघतात. जेवढा हिसका तेवढीच घंटा, ही एक; आणि दोरा तुटला तर घंटा बंद, ही दुसरी. मज्जातंतूला इजा झालेल्या माणसाच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी खोट्या ठरतात.

हे पहिल्यांदा ठसठशीतपणे नोंदवले ते अमेरिकेच्या यादवी युद्धात. फिलाडेल्फिया शहरात टर्नर्स लेन येथे मज्जातंतूंना जखमा झालेल्या सैनिकांसाठी खास इस्पितळ होते. तेथील डॉक्टर सायलस वेअर मिचेल यांनी मोअरहाऊस व कीन या सहकाऱ्यांसह १८६४ साली त्या रुग्णांची हकीकत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. गोळी लागून गेलेली, जखम भरून आलेली, आणि हात किंवा पाय मात्र आगीत धरल्यासारखा जळतो आहे! हे सैनिक हाताला सतत ओले फडके गुंडाळून बसत; काहीजण बुटात पाणी ओतून ठेवीत. वर्तमानपत्राच्या कागदाचा खडखडाट किंवा शेजारून चालणाऱ्याच्या पावलांची थरथरसुद्धा त्यांना सोसत नसे. मिचेल यांनी या दुखण्याला पुढे 'कॉझाल्जिया' असे नाव दिले. ग्रीक भाषेत उष्णता आणि वेदना या दोन शब्दांपासून ते बनले आहे. युद्धावर परत जायला नको म्हणून सोंग करणारे सैनिक असतात हे मिचेल यांना ठाऊक होते, तशी माणसे त्यांनी तपासलीही होती. पण या रुग्णांना त्यांनी सोंगाडे म्हटले नाही.

अडचण अशी, की माणसाची जखम ही देवाघरची गोष्ट. एक गोळी दुसरीसारखी लागत नाही. कुणाचा तंतू पुरता तुटतो, कुणाचा खरचटतो. जिवंत माणसाचा तंतू कापून आत काय झाले ते पाहताही येत नाही. (एक अपवाद आहे. हेन्री हेड या इंग्रज डॉक्टराने १९०३ साली स्वतःच्याच हाताचा मज्जातंतू मुद्दाम कापून घेतला, आणि रिव्हर्स या मानसशास्त्रज्ञाने केंब्रिजमध्ये चार वर्षे त्याची संवेदना कशी परत येते ते तपासले. पण असे हेड किती मिळणार?) म्हणून प्राणी आले.

प्राण्यांवरचे आधीचे प्रयोग तंतू पुरता कापून केलेले होते. लंडनच्या पॅट्रिक वॉल यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली दाखवले, की असा उंदीर पुढे आपल्याच बधिर पायाची बोटे कुरतडतो. पण हे वेदनेमुळे, की पाय आपला वाटेनासा झाल्यामुळे, यावर वाद माजला. बधिर पायाला टोचून त्याला काय विचारणार? बेनेट आणि शिए यांनी तंतू तोडला नाही. उंदराला गुंगी देऊन त्यांनी मांडीतला मोठा तंतू उघडा केला, ज्याला सायटिक म्हणतात तो, आणि त्याच्याभोवती चार सैल फास घातले. फास कशाचे? शस्त्रवैद्य टाके घालण्यासाठी जनावराच्या आतड्याची जी तांत वापरत, तिचे. फासांमधले अंतर एक मिलिमीटर. आणि ते इतके सैल, की तंतूवरच्या बारीक रक्तवाहिन्यांतले रक्त वाहते राहावे. दुसऱ्या मांडीवर सगळी चिरफाड तशीच केली, फक्त फास घातले नाहीत. म्हणजे प्रत्येक उंदराचा एक पाय हा दुसऱ्या पायाचा साक्षीदार झाला. फासाखालचा तंतू मग आपण होऊन सुजतो आणि स्वतःला आवळून घेतो. त्यातले जाड धागे बहुतेक मरतात, बारीक धाग्यांतले पुष्कळसे वाचतात. तंतू अर्धा मेलेला, अर्धा जिवंत. (त्या तांतेला लावलेली रसायनेही तंतूला डिवचतात असे पुढे आढळून आले, तेव्हा सगळा दोष आवळण्याचाच नव्हे.)

दुसऱ्या दिवसापासूनच फरक दिसू लागला. काचेच्या तळावर उंदीर उभा करून खालून तळपायावर दिव्याची उष्णता सोडली, तर इजा झालेला पाय तो साक्षीदार पायापेक्षा लवकर उचलून घेई. हे दोन महिन्यांहून अधिक काळ टिकले. नुसत्या थंडगार पत्र्यावर उभे केले, ज्याने निरोगी उंदराला काहीच होत नाही, तरी पाय झटके. कुणी हात न लावताही तो पाय वर धरून, जपून बसे. त्याचे खाणे कमी झाले. सुमारे एकतृतीयांश उंदरांचा तो पाय उगाचच गरम किंवा गार लागे. आणि निम्म्या उंदरांची त्या पायाची नखे बेसुमार वाढली. त्या नखांवर मी बराच वेळ थांबलो. सोंगाचे सोडाच, उंदराला दुखणे कुणाला दाखवायचे होते?

आता तुम्ही विचाराल, उंदराला 'दुखते का' हे विचारतात तरी कसे? त्याची एक जुनी युक्ती आहे. मॅक्स फॉन फ्राय या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काडीला केस चिकटवून त्वचेची संवेदना मोजली. केस टेकवून दाबत गेलो की एका ठराविक भाराला तो वाकतो. त्याहून अधिक भार तो देऊच शकत नाही. जाड केस, जास्त भार. बारीक केस, कमी भार. आज केसाऐवजी नायलॉनचे तंतू असतात. निरोगी उंदीर जाळीवर उभा असताना खालून सुमारे पंधरा ग्रॅम भाराचा तंतू टेकवला तरी बहुधा पाय हलवत नाही. मज्जातंतूला इजा झालेला उंदीर चार ग्रॅमच्या आतच पाय ओढून घेतो, आणि कित्येकदा तो पाय चाटू लागतो. दुखण्याचा उंबरठा खाली आला, असे आम्ही वर्गात म्हणतो. पदराचा भार किती ग्रॅम असेल?

हे होते कसे, हा खरा प्रश्न. गेल्या पन्नास वर्षांत त्याची बरीच उकल झाली आहे. ती मला समजली तेवढी सांगतो.

पहिली गडबड जखमेच्या जागीच होते. वॉल व गटनिक यांनी १९७४ साली दाखवले, की तुटलेल्या तंतूच्या टोकाशी जी गाठ बनते ती कुणी न छेडताही संदेश पाठवीत राहते. विजेचा संदेश पुढे ढकलणारी सोडियमची सूक्ष्म द्वारे तंतूच्या पेशीत तयार होऊन टोकाकडे धाडली जातात. टोक उरलेलेच नाही. मग तुटल्या जागी त्यांची दाटी होते आणि तंतू आपणच बरळू लागतो. देकार्तची घंटा दोरा तुटला की थांबते. ही घंटा दोरा तुटल्यामुळेच वाजते.

दुसरी गडबड वर, पाठीच्या कण्यातल्या मेरुरज्जूत होते, आणि माझ्या मते हीच अधिक नवलाची आहे. १९८३ साली क्लिफर्ड वूल्फ यांनी उंदरांवरच्या प्रयोगात दाखवले, की पायाला इजा झाल्यावर मेरुरज्जूतील पेशीच अधिक चळवळ्या होतात; पायाकडून येणारा संदेश तेवढाच असला तरी त्याचे उत्तर मोठे येते. एरवी हलक्या स्पर्शाचे संदेश ज्या वाटेने जातात ती वाट वेदनेच्या वाटेपासून जणू कडी लावून वेगळी ठेवलेली असते. तिथे आवर घालणाऱ्या पेशी असतात, चाळीतल्या वडीलधाऱ्यांसारख्या. फार गलका झाला की दटावतात. मज्जातंतूला इजा झाली की ही दटावणी क्षीण होते. इतकेच नव्हे, २००३ साली कॅनडातील कूल, द कोनिंक आदी संशोधकांना असे दिसले, की वेदनेच्या पेशींतले क्लोराइड क्षारांचे प्रमाण बिघडते आणि जो संदेश गप्प करण्यासाठी यायचा तो उलट चेतवू लागतो. 'गप्प बस' म्हटले की पोर आणखीच किंचाळते, तसे.

मग ती कडी निघते. पदराचा स्पर्श वेदनेच्या दारातून आत शिरतो. या प्रकाराला डॉक्टर लोक 'अ‍ॅलोडिनिया' म्हणतात. ज्याने दुखू नये त्याने दुखणे. घट्ट दाब आणि हलका घासता स्पर्श यांचे संदेश सारख्या धाग्यांनी व सारख्या वाटेने जात नाहीत. म्हणून एक सोसवतो आणि दुसरा सोसवत नाही, असे होऊ शकते. आमच्या घरी जो सोंगाचा पुरावा ठरला, तो दुखण्याचाच पुरावा होता.

ही कडी काढतो कोण? मेरुरज्जूत मज्जापेशींच्या जोडीला मायक्रोग्लिया नावाच्या लहान पेशी असतात. बराच काळ त्यांना नुसत्या झाडूवाल्या समजत. मेलेले उचलावे, घाण साफ करावी. तंतूला इजा झाली की मेरुरज्जूच्या नेमक्या त्या भागात त्या फुगतात, वाढतात. २००३ साली जपानी संशोधक त्सुदा व इनोउए आणि कॅनडातील सॉल्टर यांनी दाखवले, की त्यांच्या अंगावरचे एक विशिष्ट ग्राहक बंद केले तर उंदराची ती अतिसंवेदना ओसरते. आणि त्यांनी आणखी एक गोष्ट केली. प्रयोगनळीत चेतवलेल्या अशा पेशी त्यांनी एका धडधाकट उंदराच्या मेरुरज्जूवर सोडल्या. त्या उंदराच्या तंतूला ओरखडाही नव्हता. तरी तो साध्या स्पर्शाने पाय झटकू लागला. जखम नाही, आणि दुखणे मात्र खरे!

इथे सगळे स्पष्ट झाले असे वाटत असतानाच एक खोच निघाली. हे बहुतेक प्रयोग नर उंदरांवर केलेले होते. माद्यांचे ऋतुचक्र प्रयोगात गोंधळ घालते, या समजुतीने त्यांना वगळण्याची रीतच पडून गेली होती. २०१५ साली सॉर्ज, मोगिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान जातीच्या उंदरांत दोन्ही लिंगे घेऊन तपासले. मायक्रोग्लियांना रोखल्यावर नरांचे दुखणे ओसरले. माद्यांचे ओसरले नाही. माद्यांना दुखत तेवढेच होते, पण त्यांच्यात ते रक्तातील दुसऱ्या प्रकारच्या पेशींच्या मार्फत होते असे दिसते. म्हणजे इतकी वर्षे आपण अर्ध्याच जगाचे दुखणे अभ्यासत होतो. मावशीला हे सांगितले असते तर ती हसली असती.

माझ्यासारख्या मानसशास्त्राच्या माणसाला आणखी एक शंका पूर्वीपासून होती. पाय उचलणे ही झाली प्रतिक्रिया, दुखणे नव्हे. मेंदूपासून तुटलेला मेरुरज्जूसुद्धा पाय आखडून घेऊ शकतो. कुणी न छेडता जे रात्रंदिवस ठसठसते, ज्याने मावशीची झोप गेली, ते त्या उंदराला आहे की नाही हे नायलॉनच्या तंतूने कसे कळावे? याचे उत्तर २००९ साली अ‍ॅरिझोना येथील टॅमारा किंग, फ्रँक पोरेका व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधले. त्यांनी उंदराला निवड दिली. दिसायला वेगळाल्या दोन खोल्या. एका खोलीत असताना मेरुरज्जूवर वेदना शमवणारे औषध. दुसऱ्या खोलीत नुसते खारे पाणी. पुढे दोन्ही दारे उघडी ठेवली. ज्या उंदराला इजा नव्हती, त्याला दोन्ही खोल्या सारख्या. इजा झालेला उंदीर मात्र औषधाच्या खोलीत जाऊन बसू लागला. हे औषध निरोगी उंदराला काही सुख देत नाही. मग हा तिथे का जातो? तिथे त्याचे काहीतरी थांबले होते म्हणून. सबंध विषयात मला सर्वांत पटलेला प्रयोग हा. त्यात कुणी उंदराला टोचले नाही.

पण त्याला इजा केलीच होती, हे लपवून चालणार नाही. इतर प्रयोगांत वेदना हा टाळावयाचा उपद्रव असतो; इथे तीच अभ्यासाची वस्तू. शस्त्रक्रियेपुरती गुंगी देतात, पुढचे दुखणे मुद्दाम राहू देतात. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९८३ साली याबाबत नियम सुचवले. प्राणी कमीत कमी वापरावेत, वेदना कमीत कमी काळ असावी, आणि शक्य असेल तिथे संशोधकाने ती वेदना आधी स्वतःवर करून पाहावी, असे त्यांत आहे. आपल्याकडे १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यान्वये अशा प्रयोगांवर देखरेख करणारी समिती नेमण्याची तरतूद झाली. हे सगळे असूनही माझे मन पूर्ण स्वस्थ होत नाही. ज्या ज्ञानाने मावशीवरचा आरोप खोटा ठरवला ते त्या वाढलेल्या नखांतून आलेले आहे, हे मला ठाऊक आहे.

आणि फळ काय मिळाले, असे विचाराल तर उत्तर निम्मेशिम्मे आहे. उंदरांत उत्तम ठरलेली कित्येक औषधे माणसांत फुकट गेली. वेदनेचा निरोप नेणाऱ्या 'सबस्टन्स पी' या द्रव्याला अडवणाऱ्या औषधांवर १९९० च्या दशकात फार आशा होती. प्राण्यांचे दुखणे त्यांनी शमले, माणसांचे नाही. शंखातल्या एका समुद्री गोगलगाईच्या विषावरून बनवलेले झिकोनोटाइड २००४ साली अमेरिकेत मान्य झाले, पण ते थेट मेरुरज्जूभोवतीच्या द्रवात सोडावे लागते. गॅबापेंटिनसारखी औषधे, जी मुळात अपस्मारासाठी काढली होती, आणि उदासीनतेवरच्या औषधांपैकी काही, नागिणीनंतरच्या दुखण्यात पुष्कळांना थोडाफार आराम देतात, सर्वांना नाही. साध्या वेदनाशामक गोळ्यांचा या दुखण्यात फारसा उपयोग होत नाही, एवढे तरी आता डॉक्टर आपण होऊन सांगतात. नागीण म्हणजे तांतेचा फास नव्हे, हेही खरे. कांजिण्यांचा विषाणू तंतूच्या मुळाशी वर्षानुवर्षे दडून बसतो आणि उतारवयात त्याच तंतूची नासधूस करीत बाहेर पडतो. उंदराचा पाय आणि मावशीची कूस यांत अंतर आहेच.

मावशीचे दुखणे दीड-दोन वर्षांनी हळूहळू कमी झाले. त्या काळात तिने आपली बसायची जागा बदलली होती. ओटीवर पंखा होता, गप्पा होत्या, माणसे होती. ती दुपारभर माजघराच्या कोपऱ्यात, दोन्ही दारे लोटून, उकाड्यात एकटी बसे. आम्हाला वाटे, रुसली आहे.